वाघिणीत माल किती भरायचा

तुमसर रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरून मँगनीजची मालगाडी पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास म्हणतो, हिच्यातला अर्धा माल कुणीतरी वाटेत काढून घेतला. उघड्या वाघिणीच्या भिंती पुरुषभर उंच, आणि तळाशी काळ्या खड्यांचे दोन-तीन बुटके ढीग. त्यांच्या वरचा भिंतीचा गंजका पत्रा सगळा उघडा. शेजारच्या रुळावरून छत्तीसगडचा कोळसा जातो, तो मात्र काठाच्या वर डोकं काढून. वजनकाट्यावर दोघी सारख्याच. मँगनीजच्या त्या वाघिणीला आणखी चार फावडी घातली तर दंड बसेल, इतकी ती भरलेली असते.

या अंकाचा विषय ‘ओझं’ असा ठरल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा दप्तराचं, कर्जाचं आणि अपेक्षांचं ओझं इतर लेखक उचलणार याची मला खात्री होती. मी त्यातल्या त्यात हलकं निवडलं, काही ग्रॅमचं. तुमसरला कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवणारे एक गृहस्थ आहेत. गावात सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात आणि नाव छापू नका असं त्यांनीच बजावलं आहे. माडीवरच्या खोलीत दोन भिंतींच्या कडेनं त्यांनी तुमसर रोड ते तिरोडी ही शाखा १:८७ या प्रमाणात मांडायला घेतली आहे. इंजिनं आहेत, सिग्नल आहेत, गोबरवाहीचा फलाट आहे. पण सर रमतात ते वाघिणींत माल भरण्यात. इंजिन विकत मिळतं, माल मिळत नाही, तो ज्याचा त्यानं करावा लागतो, हे त्यांचं साधं कारण.

छोट्या रेल्वेचा छंद म्हटला की मराठी वाचकाला पुणं आठवतं. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. दिवे मंद होतात, गाड्या धावू लागतात, सर्कसचा तंबू उजळतो आणि मुलं काचेला नाक लावतात. तिथं माझीही नजर इंजिनामागेच धावली होती. मालगाडीत काय आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. सरांकडे मात्र इंजिनाला कुणी विचारत नाही.

खालून पाहा जी

मुंबई–हावडा मार्गावरचं तुमसर रोड हे स्थानक खरं तर देव्हाडीला आहे. तिथून उत्तरेला फुटणारी शाखा तुमसर शहर, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग अशी जात राज्याची हद्द ओलांडून तिरोडीला पोचते. ती त्या बाजूला वळली, कारण तिथल्या जमिनीत मँगनीज होतं. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावानं सुरू झालेली ब्रिटिश कंपनी पुढे नाव बदलून सीपीएमओ झाली आणि १९६२ मध्ये तिच्या खाणींतून आजची मॉईल ही मँगनीज कंपनी उभी राहिली. भंडारा जिल्ह्यात तिच्या दोन मोठ्या खाणी आहेत. चिखल्याला माणसं जमिनीखाली उतरतात. डोंगरी बुजुर्गला खाण उघडी आहे आणि तिथलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांना लागतं. हे डायऑक्साइड आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

सरांच्या शेजारी एक निवृत्त मालबाबू राहतात. उभी नोकरी पावत्या, सील आणि वजनकाट्यात गेली. संध्याकाळी ते माडीवर येतात, खुर्ची ओढतात आणि चुका काढतात. पादचारी पुलावरून पाहिलेल्या ‘अर्ध्या’ वाघिणींचं मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते हसले.

“वरतून काय पाहता जी? खालतून पाहा. स्प्रिंग दबली का नाही, ते सांगते गाडी भरली का रिकामी.”

हे नुसतं म्हणणं नाही, त्याला मोजमाप आहे. ब्रॉडगेजवर रिकाम्या वाघिणीचा कपलर रुळापासून जास्तीत जास्त ११०५ मिलिमीटर उंच चालतो आणि भरलेलीचा १०३० च्या खाली जाऊ देत नाहीत. म्हणजे मालाखाली गाडी पाऊण हातही नाही, जेमतेम चार बोटं बसते. पण मालबाबूंच्या डोळ्याला तेवढं पुरतं. १:८७ मध्ये ही चार बोटं एका मिलिमीटरहूनही कमी होतात. सरांनी भरलेल्या वाघिणींच्या बोगीतली वॉशर काढून तेवढा फरक केला आहे. मला तो सांगितल्यावरही दिसला नाही. मालबाबूंना न सांगता दिसला.

बावीस मिलिमीटर खोल

या मार्गावर सर्रास दिसणारी उघडी वाघीण म्हणजे बॉक्सएन. मूळ आराखड्यानुसार रिकामी असताना तिचं वजन २२.४७ टन, माल ५८.८१ टन, एकूण ८१.२८. चार आसांवर वाटलं की आसाला २०.३२ टन. आतून ती ९.७८ मीटर लांब, २.९५ रुंद आणि १.९५ खोल आहे, म्हणजे पोट सुमारे ५६ घनमीटरचं. हे पोट मुळात कोळसा डोळ्यांपुढे ठेवून बेतलेलं. कोळशाचा घनमीटर टनाच्या आतबाहेर भरतो, म्हणून वाघीण काठोकाठ भरून वर थोडा ढीग झाला की वजनही पूर्ण होतं. मँगनीजचा घनमीटर सव्वादोन टनांच्या घरात धरला, तर २६ घनमीटरमध्येच ५८ टन संपतात. माल सपाट पसरला तर ९० सेंटिमीटरच्या आसपास उंची येते. वरचा मीटरभर पत्रा हवा वाहून नेतो.

जड खनिजासाठी बुटक्या भिंतींची ‘बॉय’ नावाची वाघीण आपल्याकडेही आहे. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी तर लोहखनिजाच्या वाघिणी जेमतेम २४ फूट लांबीच्या असत, कारण धक्क्यावरची तोंडं बारा-बारा फुटांवर होती आणि त्यापेक्षा लांब गाडीत खनिज भरलं तर रुळांना झेपलं नसतं. पण आपल्या लांबलचक देशात वाघिणींची एकच माळ, म्हणजे रेक, आज कोळसा, उद्या गिट्टी आणि परवा मँगनीज नेते. मग पोट मोठंच ठेवावं लागतं आणि जड माल आला की ते अर्धं सोडून द्यावं लागतं.

आता हे सगळं ८७ नं भागा. सरांच्या वाघिणीचं पोट सव्वाअकरा सेंटिमीटर लांब, ३४ मिलिमीटर रुंद आणि २२ मिलिमीटर खोल आहे. (रूळ मात्र बाजारात १६.५ मिलिमीटर अंतराचे मिळतात आणि आपल्या ब्रॉडगेजला ते १९ च्या वर हवेत. ‘त्या पावणेतीन मिलिमीटरकडे मी पाहत नाही,’ असं सर म्हणतात. प्रत्येक छंदात एक तरी गोष्ट न पाहण्याची ठरवावीच लागते.) त्या २२ पैकी मँगनीजला मिळतात १० ते ११ मिलिमीटर. नवखा छंदिष्ट इथेच घसरतो. त्याला भरलेलं म्हणजे काठापर्यंत वाटतं, तो हौसेनं काळा चुरा रचत जातो आणि त्याची गाडी एकशेवीस टन मँगनीज घेऊन धावू लागते. बाहेरच्या देशांत तयार मिळणारे प्लास्टिकचे मालाचे साचेही असेच फुगीर असतात. दुकानात ते चांगले दिसतात, तुमसरला नाही.

टॉर्चच्या सेलमधली डोंगरी

खड्याचा आकार ही दुसरी अडचण. मुठीएवढा, सात-आठ सेंटिमीटरचा खडा १:८७ मध्ये मिलिमीटरच्या आत येतो. बाकी सगळं त्याहून बारीक. सरांच्या टेबलावर म्हणूनच स्वयंपाकघरातल्या चाळण्या आहेत: रव्याची, मैद्याची आणि चहाची गाळणी. गिट्टी खाणीतली काळी कच खलबत्त्यात कुटायची, तिन्हींतून चाळायची, आणि मग जाड, मध्यम, बारीक असं पुन्हा एकत्र करायचं. जाड कमी, बारीक जास्त. नुसतं एकाच आकाराचं घातलं की मेंदूला लगेच कळतं, हे निसर्गातलं नाही.

खरं खनिज का नाही? एक तर रुळांजवळ पडलेलाही माल रेल्वेचा असतो आणि तो खिशात घालणं हा गुन्हा आहे. मालबाबू असताना तो प्रश्नच येत नाही. दुसरं, मँगनीजची धूळ छातीत आणि मज्जासंस्थेत जाऊन बसते, ती घरात कुटायची वस्तू नव्हे. पण रंगासाठी सरांनी एक वाट काढली, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत आवडली. जुना, संपलेला टॉर्चचा सेल उघडला की कार्बनच्या कांडीभोवती जी काळी भुकटी निघते, ती मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन. म्हणजे डोंगरीहून निघून, कारखान्यात जाऊन, कुणाच्या तरी शेतात रात्रीचा उजेड देऊन आलेली असू शकते. सर हातमोजे घालून ती काढतात. तिच्यात मिसळलेले क्षार पत्रा खातात, म्हणून अनेक पाण्यांनी धुतात, ओलीच फडक्यावर पसरून वाळवतात. मग चिकटवलेल्या खड्यांवर मऊ ब्रशनं अगदी पुसट फिरवतात आणि वरून वॉर्निशचा हात देऊन बंद करतात. बंद करावीच लागते, कारण कार्बन वीज वाहून नेतो आणि रुळांवर सांडला तर गाडी तिथेच बसते.

त्या पुसट थरानं जो रंग येतो, तो रंगाच्या डबीतून येत नाही. कोळसा काळा असतो आणि चमकतो. डोंगरीचं खनिज काळंच, पण मंद, किंचित पोलादी आणि हाताला लागणारं. सरांनी शेवटी त्यात चिमूटभर पांढरी गार आणि बदामी वाळू टाकली. या भागातल्या मँगनीजसोबत गार्नेट आणि गारेचा एक खडक येतो. एल. एल. फर्मोर या भूगर्भशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये त्याला गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटलं. खाणीवर माणसं तो वेचून बाजूला टाकतात, पण सगळा काही निघत नाही. अकरा सेंटिमीटरच्या ढिगात असे चार-सहा फिकट कण दिसले पाहिजेत, दहा नाही.

ढीग रचण्याची पद्धत भौतिकशास्त्राच्या मास्तराला शोभणारी आहे. थर्माकोल कोरून डोंगर करायचा आणि त्यावर चुरा चिकटवायचा, हा नेहमीचा मार्ग. सर तळाला थर्माकोलची फक्त पातळ पट्टी ठेवतात आणि खडे कागदाच्या चिमट्यातून वरून सोडतात. सुट्या मालाच्या ढिगाचा उतार ढीग केवढा आहे यावर फारसा अवलंबून नसतो. मोठा असो की छोटा, तो ३५-४० अंशांवर आपोआप थांबतो. मग कोरायचं कशाला? खड्यांनाच ठरवू द्यावं. लोडर जिथे जिथे बादली रिकामी करतो, तिथे एक ढीग. म्हणून एका वाघिणीत दोन-तीन, आणि तेही मधोमध नाही, भरणाऱ्या बाजूपासून थोडे पलीकडे सरकलेले. नंतर वाघिणीला बोटानं टिचकी द्यायची. डोंगरीहून नुकती निघालेली असेल तर एक. लांबून धक्के खात आलेली दाखवायची असेल तर चार-पाच, म्हणजे शेंडे बसतात. फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरनं सोडलं की ते खड्यांना न हलवता खाली झिरपतं. रात्रभर वाळू द्यायचं. घाई केली तर वर पांढरट साय धरते.

कोळसा, आणि तीन मीटरचा रूळ

कोळशाबद्दल फार लिहीत नाही, तो सगळेच करतात आणि खरा कोळसा कुटून केला की चांगलाच होतो. एकच बारकावा. काही रेकवर कोळशाच्या माथ्यावर चुन्याचं पाणी फवारलेलं असतं. वाटेत कुणी घमेलं भरून काढलं तर पांढऱ्यात काळा खड्डा पडतो आणि चोरी उघडी होते. सरांनी एका वाघिणीत असा खड्डा केला आहे.

पोलादाची गोष्ट निराळी. वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्थानकाशेजारी, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. सळ्यांचे गठ्ठे करायचे तर पितळी तार आणि बारीक काळा दोरा पुरतो, आणि पितळेच्या भंडाऱ्यात पितळी तारेला तोटा नाही. सळीची जात ओळखायला गठ्ठ्याच्या टोकांना रंग लावतात, तेवढा टाचणीच्या टोकानं दिला की काम झालं. खरा कस लागला तो भिलाईच्या रुळांना. भिलाईचा कारखाना याच मार्गावर, आणि तिथे रूळ जोडून केलेले २६० मीटरचे अखंड तुकडे एका रेकवर आडवे पडून पश्चिमेला जातात. ते पाहणं हा एक अनुभव आहे. गाडी वळणावर आली की एवढं पोलाद वेतासारखं तिच्याबरोबर वळतं.

१:८७ मध्ये तो रूळ तीन मीटरचा होतो. सरांची भिंत साडेचार मीटरची. तरीही त्यांनी तो केला. पहिला प्रश्न असा, की सगळ्या वाघिणींना रूळ चिकटवला तर वळणावर गाडी सरळच राहू पाहते आणि रुळांवरून उतरते. उत्तर खऱ्या गाडीतच होतं: लांब रूळ मधल्या एका वाघिणीवर आवळून धरतात, आणि बाकीच्यांवर ते नुसते टेकलेले, मागेपुढे सरकायला मोकळे असतात. सरांनी प्लास्टिकच्या पट्ट्या तासून रूळ केले, मधल्या वाघिणीवर पक्के केले, बाकीच्यांवर खाचांतून ओवले. गाडी वळली. दोन्ही टोकांना रूळ किती सरकतात हे पाहायला त्यांनी पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. त्या अजून आहेत.

ग्रॅमचा हिशेब

आता ओझ्याकडे. ८१.२८ टनांची भरलेली बॉक्सएन लांबी-रुंदी-उंची तिन्ही ८७ पटींनी आखडली, तर वजन ८७ च्या घनानं भागावं लागतं. येतात १२३ ग्रॅम. रिकामी ३४ ग्रॅमची. म्हणजे मालाचं खरं छोटं ओझं ८९ ग्रॅम. हे आकडे इतके सुबक आले की सरांनी आधी तसंच केलं, शिशाचे पत्रे घालून ८९ ग्रॅमचा माल बनवला. भरलेल्या गाड्या छान चालल्या. रिकाम्या वळणावर आतल्या बाजूला कोसळू लागल्या. लांब गाडीत मधल्या हलक्या वाघिणीला दोन्हीकडून ओढ बसते आणि ती जीवा ताणल्यासारखी सरळ रेषेत यायला बघते. खऱ्या गाडीत रिकाम्या वाघिणीलाही साडेबावीस टनांचा आधार असतो. ३४ ग्रॅमना तो नाही, कारण घर्षण आणि रुळांतले खाचखळगे ८७ च्या घनानं लहान होत नाहीत.

अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं यासाठी ठोकताळा दिलेला आहे: या प्रमाणातल्या डब्याला मूळचा एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा. बॉक्सएनला ते ९५ ग्रॅमच्या जवळ जातं, भरलेली असो वा रिकामी. सरांनी शिसं मालातून काढून तळाखाली, बोगींच्या मधे लपवलं. माल झाला थर्माकोल, खडे आणि फेविकॉलचा, दहा-बारा ग्रॅमचा. फुंकर मारली तर उडणार नाही, एवढंच त्याचं वजन. देव्हाडीच्या वाघिणीत सारं ओझं आहे आणि पुलावरून ते दिसत नाही. माडीवरच्या वाघिणीत नुसतं दिसणं आहे, ओझं दुसरीकडे.

झाकलेला माल

भंडारा जिल्ह्याचा माल म्हटला तर मँगनीजच्या आधी धान आठवायला हवं. दिवाळीच्या सुमारास या झाडीपट्टीत कापणी चालू असते, गिरण्यांचा कोंडा रस्त्यावर उडत असतो. पण तांदूळ जातो बंद वाघिणीत. पन्नास किलोची हजाराच्या वर पोती एका वाघिणीत थप्पीनं लागतात, दारं बंद, सील ठोकलं, संपलं. बाहेरून भरलेली आणि रिकामी सारखीच. सरांच्या लेखी हा छळ आहे. त्यांनी त्याचा वचपा गोदामाच्या धक्क्यावर काढला. एक दार अर्धवट उघडं, आत पोत्यांच्या कडा, बाहेर एम-सीलची अकरा मिलिमीटरची पोती कोपरे दाबून रचलेली, पाठीवर पोतं घेतलेले हमाल. आकृती बाजारातून आणल्या तर माणसं ताठ उभी असतात. ओझ्याखाली मान पुढे येते, गुडघे सैल होतात, पावलं बाहेर वळतात. तेवढ्यासाठी सरांनी प्रत्येकाला गरम सुईनं कंबरेत वाकवलं. फाटक्या पोत्यातून सांडलेल्या तांदळासाठी त्यांनी पांढरी रांगोळी वापरली. त्यावर कबुतरं आली आहेत.

भरलेली कोणीकडून

गोल रुळांवर फिरणाऱ्या गाडीची एक अडचण असते. ती माल घेऊन जाते आणि तोच माल घेऊन परत येते. या शाखेवर असं होत नाही. रिकाम्या वर जातात, भरलेल्या तुमसर रोडकडे उतरतात. म्हणून सरांचा माल काढता-घालता येतो. प्रत्येक ढिगाच्या पोटात लोखंडी वॉशर पुरलेलं आहे, वरून दिसत नाही. काठीच्या टोकाला चुंबक लावून गल्लीतली मुलं डोंगरीला माल ठेवतात आणि देव्हाडीला उचलतात. रिकाम्यांच्याही आत सरांनी काम केलं आहे: कोपऱ्यांत उरलेला काळा चुरा, तळाला गंज, दाराच्या फटीत कोंबलेल्या गोणपाटाच्या चिंध्या. तिथे सुती धागा उसवून लावला आहे.

मी गेलो तेव्हा मालबाबूंनी पूर्ण रेक डोळ्याखालून घातली आणि नाराजी दाखवली. सगळ्या वाघिणी बरोबर भरल्या आहेत, असं कधी होत नाही म्हणे. लोडर चालवणारा माणूस आहे, एखादीत दोन बादल्या जास्त पडतातच. काट्यावर ती सापडते, रेल्वे कायद्याच्या ७३ व्या कलमाखाली जादा मालाचा दंड बसतो आणि जास्तीचा माल रुळाच्या कडेला उतरवावा लागतो. तो ढीग कुठे आहे?

सरांनी काही न बोलता वाटीतला उरलेला चुरा घेतला आणि तुमसर रोडच्या शेवटच्या रुळाजवळ, जिथे गवत लावलेलं होतं, तिथे दीड सेंटिमीटरचा ढीग सोडला. मालबाबूंनी वाकून पाहिलं.

“हं. आता दंडाची पावती कोणाच्या नावानं फाडू जी?”